उसनं रडू आणि स्टेलाबाई

मागच्या आठवड्यात आमच्या हापिसातल्या मराठी मंडळाच्या तालमी सुरू झाल्या. मराठी भाषा दिनासाठी वीस मिनिटांची एक छोटी एकांकिका. पात्रं पाच, त्यातली तीन ऐनवेळी 'अरे माझा क्लायंट कॉल आहे' म्हणून गायब होणारी. म्हणजे एकूण सगळं नेहमीप्रमाणेच :-)

तर त्यात एक प्रवेश असा आहे. घरातली मुलगी फोन उचलते, पलीकडून वडील गेल्याचं कळतं आणि ती रडते. संहितेत यापेक्षा जास्त काही नाही. कंसात नुसतं '(रडते)' एवढंच. लिहिणाऱ्याचं काय जातंय!

हे काम करणारी मुलगी आमच्याच टीममधली, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. तालमीनंतर टपरीवर चहा पिताना तिने विचारलं, "दादा, तुम्ही कॉलेजात नाटकं करायचात ना? मग सांगा ना, रडू कसं आणायचं?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. 'सोपं आहे गं, तुझ्या घरातलं जवळचं कोणी गेलं असेल ना, ते आठव.' पण हे वाक्य मी चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकलं. म्हटलं, "उद्या सांगतो." का गिळलं, त्याची गोष्ट थोडी माझी आहे आणि बरीचशी न्यूयॉर्कच्या एका बाईंची.

आधी माझी सांगतो, ती लहान आहे.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमची एकांकिका होती. मला शेवटी रडायचं होतं आणि मला काही केल्या रडू येत नव्हतं. आमचा दिग्दर्शक आमच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा. कुठलंसं शिबिर करून आलेला, त्यामुळे 'मेथड अ‍ॅक्टिंग' आणि 'इमोशनल मेमरी' हे शब्द त्याच्या तोंडी सतत असायचे. आम्ही पण जाम भारावलेले. माझी आजी त्याच्या आदल्या वर्षी गेली होती, हे त्याला माहीत होतं. त्याने मला दिवे मालवून जमिनीवर बसवलं आणि हळूहळू विचारायला लागला. खोलीत वास कसला होता? उशाशी काय ठेवलं होतं? तिचा हात हातात घेतलास तेव्हा तो गरम होता की गार? निलगिरी तेलाचा वास, पितळेचा तांब्या, हातावरची सैल पडलेली मऊ कातडी... मी ढसाढसा रडलो. अख्खी तालीम चिडीचूप. दिग्दर्शक खूश, आणि खोटं कशाला बोलू, मी पण खूश.

पुढचे वीसेक दिवस रोज संध्याकाळी मी आजीला बोलावत होतो. आधी निलगिरीच्या वासालाच डोळे भरायचे. मग तांब्यापर्यंत जावं लागायला लागलं. मग हातापर्यंत. स्पर्धेच्या दिवशी विंगेत उभा राहून मी वास, तांब्या, हात सगळं आठवून पाहिलं आणि काहीही झालं नाही. आत गेलो, तोंड वाकडं करून रडल्यासारखं केलं, बाहेर आलो. बक्षीस वगैरे मिळालं नाही, त्याचं काही नाही. पण त्यानंतर आजपर्यंत आजी आठवली की मला आधी ती विंग आठवते. पिवळा स्पॉट, रंगवलेल्या फ्लॅटचा वास, आणि 'ये ना, ये ना लवकर' असं स्वतःच्याच आजीला म्हणणारा मी. तिची एक आठवण मी वापरून संपवली. ती काही परत भरून येत नाही.

बरीच वर्षं मला वाटायचं, चूक माझीच. आपल्यात तेवढं टॅलंट नव्हतं. मग कधीतरी ब्राँडोबद्दल वाचता वाचता कळलं की नेमक्या याच प्रकाराबद्दल १९३४ साली एका बाईने भर कंपनीसमोर भांडण मांडलं होतं, आणि त्याआधी ती थेट मूळ माणसाला विचारून आली होती. ही बाई म्हणजे स्टेला अ‍ॅडलर. (लहानपणापुरतं 'ती' म्हणतो, पुढे आपोआप 'बाई' होतील.)

स्टेलाचा जन्म १० फेब्रुवारी १९०१ चा, न्यूयॉर्कमधला. वडील जेकब अ‍ॅडलर आणि आई सारा, दोघंही यिडिश रंगभूमीवरचे नावाजलेले नट. यिडिश म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. वळण जर्मनचं, पण लिहायची हिब्रू लिपीत. १८८३ मध्ये झारच्या सरकारने रशियात यिडिश नाटकांवर बंदी घातली, तेव्हा ओडेसाचे हे जेकबराव आधी लंडनला आणि पुढे अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला दिवसभर शिवणाच्या कारखान्यांत राबणारे ज्यू स्थलांतरित हा त्यांचा प्रेक्षक. या लोकांना नाटक म्हणजे आपल्याकडच्या संगीत नाटकांच्या ऐन भरातल्या प्रेक्षकाला वाटायचं तसंच, जीव की प्राण.

१८९२ साली जेकब गॉर्डिन नावाच्या नाटककाराने अ‍ॅडलरसाठी ज्यू किंग लिअर लिहिला. श्रीमंत म्हातारा आपल्या हयातीतच मुलींना इस्टेट वाटून देतो आणि मग त्याचे हाल कुत्रं खात नाही. ओळखीचं वाटतंय ना? आपले शिरवाडकर 'नटसम्राट' घेऊन आले १९७० साली. त्याच्या जवळजवळ ऐंशी वर्षं आधी न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत हा म्हातारा यिडिश बोलत हिंडत होता. १९०३ मध्ये जेकबरावांनी ब्रॉडवेवर शायलॉक केला. बाकी सगळी पात्रं इंग्रजीत बोलतायत आणि शायलॉक एकटा यिडिशमध्ये! आज कोणी असं केलं तर आपण 'काय प्रयोगशील आहे हो' म्हणू.

अशा घरात स्टेला चार-पाच वर्षांची असतानाच रंगमंचावर उभी राहिली. तिचा भाऊ ल्यूथर नट, सावत्र बहीण सेलिया नटी. घर कसलं, नाटक कंपनीचं बिऱ्हाडच ते. हे सगळं मी एवढं सांगतोय त्याला कारण आहे. या मुलीला नाटक हे 'स्वतःला व्यक्त करायचं माध्यम' वगैरे म्हणून भेटलं नाही. आधी ते तिला घरचं काम म्हणून भेटलं. रोजचं आणि आनंदाचं. वडील कधी राजा, कधी सावकार. आणि ते राजा होतात ते राजासारखं कसं चालायचं हे माहीत असल्यामुळे, त्यांच्या वैयक्तिक दुःखामुळे नव्हे. पुढे जे भांडण झालं त्याचं बी इथे आहे, असा आपला माझा अंदाज.

आता जरा रशियाकडे वळू, कारण या गोष्टीतला 'मूळ माणूस' तिथला आहे. कॉन्स्टँटिन स्टॅनिस्लाव्हस्की, मॉस्को आर्ट थिएटरचा एक संस्थापक. नटाला स्फूर्ती येईल तेव्हा येईल असं म्हणून न बसता रोजच्या रोज भरवशाने काम कसं करता येईल, याचा हा माणूस जन्मभर विचार करत होता. १९२३-२४ मध्ये त्याची कंपनी अमेरिकेत दौऱ्यावर आली आणि न्यूयॉर्कवाले वेडे झाले. त्याच सुमारास त्याच्या हाताखाली तयार झालेला रिचर्ड बोलेस्लाव्हस्की न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन लॅबोरेटरी थिएटर चालवायला लागला. मारिया उस्पेन्स्काया ही मॉस्कोचीच नटी तिथे शिकवायची. या ठिकाणी स्टेला शिकली. हॅरॉल्ड क्लर्मन आणि ली स्ट्रासबर्ग हे दोघंही इथलेच विद्यार्थी.

१९३१ साली क्लर्मन, स्ट्रासबर्ग आणि शेरिल क्रॉफर्ड या तिघांनी 'ग्रुप थिएटर' काढलं. मंदीचे दिवस, बँका बुडतायत, लोक पावासाठी रांगा लावतायत, आणि हे तिघं २८ नटांना घेऊन कनेक्टिकटमधल्या एका खेड्यात उन्हाळाभर तालमी करायला गेले. यात कोणी स्टार नाही, सगळे सारखे. आपल्याकडच्या प्रायोगिक संस्थांत रमलेल्या माणसाला हे वातावरण वर्णन करून सांगायची गरज नाही. स्टेला तोपर्यंत तिशीची झाली होती. १९२२ पासून ब्रॉडवेवर इंग्रजी कामंही करत होती, अनुभवाने ग्रुपमधल्या बहुतेकांपेक्षा मोठी. तरीही ती गेली.

ग्रुपमध्ये नटांना शिकवायचं काम स्ट्रासबर्गकडे. त्याचा सगळा भर होता भावनिक स्मृतीवर. कल्पना मूळची थिओड्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची, तिथून ती स्टॅनिस्लाव्हस्कीने उचलली, तिथून बोलेस्लाव्हस्कीने आणि त्याच्याकडून स्ट्रासबर्गने. नटाने आपल्या आयुष्यातला खरा प्रसंग घ्यायचा, भावना थेट आठवायची नाही, तर त्या वेळचे वास, स्पर्श, आवाज एकेक करून आठवायचे. म्हणजे भावना आपोआप वर येते. मग ती घेऊन रंगमंचावर जायचं. (निलगिरी, तांब्या, हात. आमच्या दिग्दर्शकाने काही मनाचं सांगितलं नव्हतं. परंपरा पक्की होती!)

याचा परिणाम होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. ग्रुपच्या पहिल्याच नाटकांतून लोकांना दिसलं की ही माणसं काहीतरी वेगळं करतायत, खरं करतायत. पण स्टेलाला ते सोसेना. रोज स्वतःच्या जखमेची खपली काढायची आणि तेच काम म्हणवून घ्यायचं, हे तिला अनारोग्याचं वाटत होतं. शिवाय अडचण अशी की खपली काढून जे निघतं ते तुमचं असतं, पात्राचं नसतं. ती ग्रुपमध्ये कामं उत्तम करत होती, पण नाटकाचा लहानपणापासूनचा आनंद तिचा हरवला होता.

आता आमच्या धंद्यातला कोणीही अशा वेळी काय करेल? डॉक्युमेंटेशन बघेल. पण १९३४ साली डॉक्युमेंटेशनच नव्हतं! स्टॅनिस्लाव्हस्कीचं अभिनयतंत्राचं पुस्तक इंग्रजीत आलं १९३६ मध्ये. त्याआधी हाती काय, तर त्याचं आत्मचरित्र आणि बोलेस्लाव्हस्कीचे सहा धडे. आणि बोलेस्लाव्हस्कीने तर रशिया सोडला होता १९२० च्या सुमारास. म्हणजे अमेरिकेत जे चाललं होतं तो जुन्या आवृत्तीवरून काढलेला फोर्क होता आणि मूळ लेखक तिकडे मॉस्कोत पुढच्या आवृत्तीवर काम करत होता.

१९३४ च्या उन्हाळ्यात स्टॅनिस्लाव्हस्की पॅरिसमध्ये होता. सत्तरी उलटलेली, १९२८ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यामुळे रंगमंचावर काम करणं बंद. स्टेला आणि क्लर्मन (तिचा तेव्हाचा साथीदार, पुढे नवरा) त्याला भेटले. बाईंनी ही भेट नंतर अनेकदा सांगितली आहे. त्यांनी त्या म्हाताऱ्याला सरळ सांगितलं, की तुमची पद्धत येईपर्यंत मला नाटक आवडायचं, आता आवडत नाही. यावर तो चिडला नाही. म्हणाला, पद्धतीचा उपयोग होत नसेल तर सोडून द्या. पण असंही असेल की तुम्ही ती नीट वापरत नाही आहात.

विचार करा, किती मोठ्या मनाचं उत्तर आहे हे! 'तुमच्या मशीनवर चालत नाही? आमच्याकडे तर चालतंय' असं म्हणून त्याने तिकीट बंद केलं नाही.

क्लर्मन परत गेला, स्टेलाबाई थांबल्या. पाच आठवडे रोज त्या दोघांनी काम केलं. बोलणं फ्रेंचमध्ये. सगळं टिपून घ्यायला बाईंनी सोबत एक लेखनिक बाई ठेवली. (मीटिंगचे मिनिट्स! मला तर हे वाचून नमस्कारच करावासा वाटला.) कामाला घेतला तो बाईंच्याच एका पडलेल्या नाटकातला प्रवेश, जॉन हॉवर्ड लॉसनच्या 'जेंटलवुमन' मधला. म्हणजे जिथे आपण अडलो तोच कोड घेऊन त्या बसल्या.

तिथे त्यांना जे मिळालं ते थोडक्यात असं. भावनेच्या मागे लागू नका, ती धरायला गेलात की पळते. त्याऐवजी दोन गोष्टी बघा. एक, नाटककाराने दिलेली परिस्थिती. हे पात्र कुठे आहे, कोणत्या काळात, खिशात पैसे किती, बाहेर थंडी आहे का, या खोलीत आपण पाहुणे आहोत की मालक. दोन, कृती. या परिस्थितीत हे पात्र काय करू बघतंय? समजावतंय, लपवतंय, माफी मागतंय, वेळ काढतंय? परिस्थितीवर मनापासून विश्वास ठेवून कृती करा, भावना मागून येईल. आणि ती परिस्थिती तुमच्या आयुष्यात घडलेली नसेल तर? म्हणून तर कल्पनाशक्ती दिली आहे!

ऑगस्टमध्ये बाई परतल्या आणि ग्रुपच्या उन्हाळी मुक्कामावर सगळ्या कंपनीसमोर त्यांनी हे मांडलं. सोबत एक मोठा तक्ता. स्टॅनिस्लाव्हस्कीची सगळी पद्धत एका आकृतीत, क्रमांक घालून. (हा तक्ता रॉबर्ट लुइस या ग्रुपमधल्या नटाने उतरवून ठेवला आणि १९५८ च्या आपल्या पुस्तकात छापला, त्यामुळे आज आपल्याला तो बघता येतो. म्हातारा अख्खं आर्किटेक्चर घेऊन बसला होता आणि अमेरिकेत मंडळी एकच मोड्यूल चालवत होती.) बाईंचं म्हणणं सरळ होतं: भावनिक स्मृतीवर जो भर आपण देतोय तो चूक आहे.

स्ट्रासबर्गने काय केलं? त्याने नंतर कंपनीला सांगितलं, मी स्टॅनिस्लाव्हस्कीची पद्धत शिकवत नाही, माझी शिकवतो. यावर काय बोलणार! आणि गंमत म्हणजे त्यात तथ्यही होतं. पण ग्रुपमध्ये तिथून फूट पडली. सॅनफर्ड माइझनर, जो पुढे स्वतः मोठा शिक्षक झाला, तो बाईंच्या बाजूने गेला. आजही अमेरिकेत अभिनय शिकवणाऱ्यांची घराणी विचारलीत तर स्ट्रासबर्ग, अ‍ॅडलर, माइझनर अशी सांगतात. आपल्या किराणा-जयपूर-आग्र्यासारखीच. ही तिन्ही घराणी एकाच कंपनीतल्या एका भांडणाशी जाऊन पोचतात.

बाईंच्या बाजूने सगळ्यात मोठा पुरावा त्यांनी स्वतःच सहा महिन्यांनी दिला. फेब्रुवारी १९३५ मध्ये ग्रुपने क्लिफर्ड ओडेट्सचं 'अवेक अँड सिंग' केलं. ओडेट्स म्हणजे ग्रुपमध्ये लहानसहान कामं करणारा पोरगा, त्याने लिहिलेलं नाटक. ब्राँक्समधलं एक ज्यू कुटुंब, मंदीत भरडलेलं, आणि ते मुठीत धरून चालवणारी आई बेसी बर्गर. ही बेसी करणाऱ्या स्टेलाबाई चौतीस वर्षांच्या. प्रत्यक्ष आयुष्यात त्या एकदम राणीच्या थाटातल्या, उंच, देखण्या. स्वतःच्या आयुष्यात खणून बेसी कुठून सापडणार? ती सापडली परिस्थितीत. भाड्याची चिंता, शेजारी काय म्हणतील याची भीती, पोरं हातची जातील ही भीती. हे काम त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत गाजलेलं काम ठरलं.

नटी म्हणून पुढची कहाणी मात्र चढती नाही, हे सांगायला हवं. १९३७ ला बाई हॉलिवुडला गेल्या. तिथे त्यांचं आडनाव अ‍ॅडलरचं 'आर्डलर' करून टाकलं. का, तर ते फार ज्यू वाटायला नको म्हणून, असं म्हणतात. ज्या नावासाठी लोअर ईस्ट साइडला लोक रांगा लावायचे, त्याची ही अवस्था. सगळे मिळून तीन सिनेमे केले, तिन्ही आज कोणाला आठवत नाहीत. रंगभूमीवरचं शेवटचं काम १९६१ मधलं, लंडनला, आर्थर कोपिटच्या नाटकात. साठीच्या आत-बाहेर अभिनय संपला. नुसती एवढीच नोंद असती तर मी हा लेख लिहीत नसतो.

पण तोपर्यंत त्या शिकवायला लागून वीस वर्षं झाली होती. १९४० च्या सुमारास नाझींमुळे जर्मनीबाहेर राहिलेला दिग्दर्शक एर्विन पिस्काटोर न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये नाट्यवर्ग चालवत होता, तिथे बाई शिकवू लागल्या. १९४३ साली त्या वर्गात नेब्रास्काकडचा एकोणीस वर्षांचा, लष्करी शाळेतून काढून टाकलेला एक पोरगा आला. मार्लन ब्राँडो.

त्या वर्गातली एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. बाईंनी सगळ्यांना सांगितलं, तुम्ही कोंबड्या आहात आणि आता तुमच्यावर बाँब पडणार आहे. सगळा वर्ग पंख फडफडवत, किंचाळत सैरावैरा. ब्राँडो मात्र एका कोपऱ्यात शांत बसून अंडं घालतोय. का, तर कोंबडीला बाँबमधलं काय कळतं?

किस्सा म्हणून आपण हसतो, पण त्यात बाईंचं सगळं शिकवणं आलं. बाकीच्यांनी स्वतःची भीती कोंबडीला घातली. या पोराने कोंबडीची परिस्थिती बघितली. आणि ती बघायला त्याला स्वतःच्या लहानपणातली कुठलीही जखम उघडावी लागली नाही. (जखमा त्याच्याकडे भरपूर होत्या. आई आणि वडील दोघंही दारूत बुडालेले.)

१९४९ मध्ये बाईंनी न्यूयॉर्कला स्वतःची शाळा काढली, १९८५ ला लॉस एंजेलिसला दुसरी. त्यांचा वर्गात येण्याचा थाटच असा, की ती एंट्रीच वाटायची. आवाज मोठा, हातवारे मोठे, आळशी विद्यार्थ्याची सालटी काढणार. त्यांचा राग मुख्यतः एका गोष्टीवर असे: स्वतःपुरतं जगणारा नट. नाटककार मोठा आहे, त्याचं जग मोठं आहे, तुझ्या सहा बाय आठच्या खोलीत ते कसं मावेल? तू मोठा हो! इब्सेन करायचाय तर नॉर्वेतला लहान गावातला मध्यमवर्ग वाच, त्या घरांतलं फर्निचर बघ, चर्चची दहशत समजून घे. इब्सेन, स्ट्रिंडबर्ग आणि चेखॉव्हवरची त्यांची व्याख्यानं त्या गेल्यावर १९९९ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांचा भर असा असे की नटाचं टॅलंट त्याने केलेल्या निवडीत असतं. त्याला किती रडू येतं यात नसतं.

ब्राँडो हे ऋण कधी विसरला नाही. १९५० नंतर जगभर 'मेथड' म्हणजे ब्राँडो आणि ब्राँडो म्हणजे स्ट्रासबर्गचा अ‍ॅक्टर्स स्टुडिओ असं समीकरण होऊन बसलं. ब्राँडो तिथे जायचा हे खरं, पण आपल्या आत्मचरित्रात (१९९४) त्याने स्वच्छ लिहिलं की मला स्ट्रासबर्गने शिकवलं नाही, स्टेलाने शिकवलं. बाईंच्या १९८८ च्या 'द टेक्निक ऑफ अ‍ॅक्टिंग' या पुस्तकाला प्रस्तावनाही त्याचीच. म्हणजे माझा तो दिग्दर्शक भिंतीवर ब्राँडोचं पोस्टर लावून आम्हाला जे करायला लावत होता, ते ब्राँडोच्या बाई त्याला करू देत नव्हत्या! हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही, खरंच.

आता थोडं न्यायाने बोलू, नाहीतर हा लेख म्हणजे एका बाजूची जाहिरात होईल. स्ट्रासबर्ग काही खलनायक नव्हता. त्याच्या हाताखाली अल पचिनोसारखे नट घडले. आणि 'गॉडफादर पार्ट टू' (१९७४) आठवा. त्यातला हायमन रॉथ, तो शांत म्हातारा, स्वतः ली स्ट्रासबर्ग आहे. त्याच सिनेमात तरुण व्हिटो करणारा रॉबर्ट डी निरो हा स्टेलाबाईंचा विद्यार्थी, आणि तो जी भूमिका पुढे नेतोय ती ब्राँडोची! सहायक अभिनेत्याच्या ऑस्करला स्ट्रासबर्ग आणि डी निरो दोघांनाही नामांकन होतं. मिळालं डी निरोला. बाईंनी ती बातमी कशी ऐकली असेल याची मी अनेकदा कल्पना केली आहे :-)

शिवाय स्टॅनिस्लाव्हस्कीने भावनिक स्मृती पूर्ण सोडून दिली होती असंही नाही. १९३६ च्या पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण आहे. बाईंनी पॅरिसहून आणलं ते त्यांना जे हवं होतं ते, असं म्हणायला जागा आहे. अभ्यासक म्हणतातही. पण मला वाटतं, बरोबर कोण होतं यापेक्षा किंमत कोण देतं हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. पचिनोला ते झेपतं. पण शिकवणाऱ्याच्या समोर बहुतेक वेळा पचिनो नसतो. समोर एकोणीस वर्षांचं पोर असतं, ज्याची आजी नुकतीच गेलेली असते आणि ज्याला 'नाही' म्हणता येत नाही. स्टेलाबाईंनी त्या पोराच्या बाजूने भांडण केलं. म्हणाल्या, तुझी आजी तुझ्याजवळ ठेव. नाटकाला ती नकोय. नाटकाला तुझं डोकं हवंय, तुझा अभ्यास हवाय. हे काम सोपं नाही बरं का, उलट जास्त कष्टाचं आहे. रडायला दहा मिनिटं लागतात, नॉर्वे समजायला वर्ष.

१९८२ साली स्ट्रासबर्ग गेला. असं सांगतात, की बाईंनी वर्गाला उभं करून एक मिनिट शांतता पाळायला लावली आणि मग खाली बसवून सांगितलं की या माणसाने अभिनयाचं जे नुकसान केलंय ते भरून यायला शंभर वर्षं लागतील. अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती पॅरिसला! २१ डिसेंबर १९९२ ला त्या स्वतः गेल्या, एक्क्याण्णवाव्या वर्षी.

असो. तर परवा तालमीला मी त्या मुलीला म्हटलं, "रडायचं सोड. मला सांग, फोन वाजतो तेव्हा तू काय करत असतेस?"

ती म्हणाली, "संहितेत नाहीये."

"मग ठरव."

तिने थोडा विचार केला. म्हणाली, "दूध तापत ठेवलंय. उतू जाईल म्हणून लक्ष तिकडे आहे."

"बाबा कुठे आहेत?"

"दवाखान्यात. आई त्यांच्यापाशी आहे. मी डबा न्यायला घरी आलेय." मग जरा थांबून, "डबा दोघांचा भरलाय."

आम्ही प्रवेश केला. तिने फोन कानाला लावला, ऐकलं, 'हो' म्हणाली. मग गॅस बंद केला. मग ओट्यावरचा डबा उघडला आणि एका माणसाच्या पोळ्या काढून परत पोळ्यांच्या डब्यात ठेवल्या. रडली नाही. समोर बसलेल्या आमच्या दोन टेस्टर मंडळींनी मात्र रुमाल काढले. आणि मी? मी पिवळ्या दिव्याकडे बघत होतो, आणि बऱ्याच वर्षांनी त्या दिव्याशिवायची आजी आठवायचा प्रयत्न करत होतो.

पूर्ण नाही जमलं. पण पितळेच्या तांब्यातलं पाणी तिला माठातलंच लागायचं, फ्रिजमधलं चालायचं नाही, एवढं आठवलं. हे मी त्या वेळी कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून बहुतेक शिल्लक राहिलं.

बराच लांबला लेख. आता सोमवारच्या स्टॅटस कॉलची तयारी. भेटू पुढच्या वीकांताला.